११ वर्षांच्या मुलीसाठी आई-वडिलांची नजर राहील अशी सोशल साइट कोणती?

ताई, तुमची मुलगी सहावीत आहे. वर्गातल्या मैत्रिणी इन्स्टाग्रामवर आहेत म्हणून तीही मागे लागली आहे, आणि लहान मुलांसाठीच असलेली, तुम्हाला लक्ष ठेवता येईल अशी साइट तुम्हाला हवी आहे. तुम्ही शिरपूरच्या, मी अमळनेरचा. बस स्टँडजवळ माझं मोबाइलचं दुकान आहे. साइटची नावं पुढे सांगतोच, पण आधी एक गोष्ट सांगू द्या. तिच्याशिवाय ती नावं काही कामाची नाहीत.

दुकानात आई-बाप पोरांना घेऊन येतात. नवा फोन, नवं सिम, आणि "दादा, पोरले इन्स्टा काढी द्या." खातं उघडताना जन्मतारीख विचारतात. पोर ११ वर्षांचं. खरी तारीख टाकली तर खातं उघडतच नाही, कारण तिथे किमान वय १३ आहे. मग बाप म्हणतो, "टाका काहीबी." मी वर्षानुवर्षं १ जानेवारी २००० टाकत आलो. समोर दुसरं गिऱ्हाईक उभं असतं, काम पटकन उरकतं.

त्यातलं एक खातं माझ्या भाचीचं होतं. तेव्हा ती १२ वर्षांची. श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या विसर्जनाला ती आणि तिच्या मैत्रिणी मिरवणुकीत नाचल्या, त्याची रील तिने टाकली. मागे गावाची कमान स्पष्ट दिसत होती. दोन दिवसांनी एका 'मुलीचा' मेसेज आला, मी पारोळ्याची, सातवीत आहे. पंधरा दिवस गोड गप्पा झाल्या. मग शाळा कधी सुटते ते विचारलं, मग फोटो मागितले, दिले नाहीत तर घरी सांगेन म्हणून धमकी. पोरगी जेवेना. आई-वडिलांना सांगितलं नाही, कारण फोन काढून घेतील. शेवटी आजीजवळ रडली.

मेव्हणे फोन फोडायला निघाले होते. मी तिचं खातं उघडून बघितलं आणि हात गार पडले. ती १२ वर्षांची आहे हे त्या खात्याला माहीतच नव्हतं. त्याच्या लेखी ती विशीतली बाई होती, म्हणून खातं सगळ्यांना उघडं, मेसेज कुणाचाही येणार. ती तारीख मी टाकली होती.

लहान वयासाठी जी काही कुलपं कंपन्यांनी केली आहेत ती सगळी त्या एका तारखेवर चालतात. इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४ मध्ये 'टीन अकाउंट' जाहीर केलं, भारतात ते फेब्रुवारी २०२५ पासून सुरू झालं. त्यात १३ ते १७ वयाचं खातं आपोआप खाजगी होतं, ओळखीबाहेरच्याचा मेसेज येत नाही, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद राहतात आणि १६ च्या आतल्या मुलाला हे नियम पालकांच्या परवानगीशिवाय सैल करता येत नाहीत. जन्मसाल २००० असेल तर यातलं एकही लागत नाही.

आता तुमची मुलगी. ११ व्या वर्षी इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट, यातलं काहीच नको. हा १३ चा आकडा अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यातून आला आहे, त्यापेक्षा लहान मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा करायची नाही म्हणून. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तर १८ पर्यंत मूलच धरलं आहे. पालकांची खातरजमा केलेली संमती हवी आणि मुलांचा माग काढून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण संमतीचा भाग लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिली आहे. तोवर कायद्याच्या भरवशावर राहू नका.

मैत्रिणींशी बोलणं हीच तिची गरज असेल तर मेसेंजर किड्स हे फेसबुकचं लहान मुलांसाठीचं गप्पांचं अ‍ॅप बघा. भारतात ते एप्रिल २०२० मध्ये आलं. मुलीचं वेगळं फेसबुक खातं लागत नाही, फोन नंबरही लागत नाही. ते तुमच्या फेसबुक खात्यातून उघडतं आणि तिच्या यादीत कोण येणार हे तुम्ही ठरवता. ती कुणाशी बोलली, कोणते फोटो आले-गेले हे तुमच्या बाजूने दिसतं, झोपेची वेळ लावता येते. जाहिराती नाहीत. पण २०१९ मध्ये यातच एक दोष निघाला होता, पालकांनी मंजूर न केलेली माणसं असलेल्या ग्रुपमध्ये मुलं पोचत होती. कंपनीने ते ग्रुप बंद केले. म्हणून यादी मंजूर केली की काम संपलं असं धरू नका, आठवड्यातून एकदा तिच्या शेजारी बसून बघा.

तिला काही बनवून दाखवायची हौस असेल तर स्क्रॅच मला सगळ्यात आवडतं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने २००७ मध्ये सुरू केलं, फुकट आहे. मुलं गोष्टी आणि खेळ तयार करून एकमेकांना दाखवतात. खाजगी मेसेजची सोयच ठेवलेली नाही, जे बोलायचं ते सगळ्यांसमोर. फोनवर मात्र मजा येत नाही, कॉम्प्युटर हवा, शाळेतला चालेल. यूट्यूब किड्समध्ये गप्पा नाहीतच, नुसतं बघणं आहे. 'फक्त मी मंजूर केलेले व्हिडिओ' असं तिथे लावता येतं.

तुमच्याही घरात एकच फोन असेल, आमच्याकडच्या बऱ्याच घरांत तसंच असतं. अशा वेळी अ‍ॅन्ड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅप पिनिंग' शोधा. तिला जे अ‍ॅप दिलंय तेवढंच समोर राहतं, आणि तिथेच पिन विचारण्याचा पर्याय चालू केला की बाहेर पडायला तुमचा पिन लागतो. तिचा वेगळा फोन असेल तर गूगलचं फॅमिली लिंक टाका, तिच्या खऱ्या वयाचं गूगल खातं काढून. मग नवं अ‍ॅप घ्यायला तुमची परवानगी लागते. गेमही तपासा. फ्री फायर मॅक्समध्ये माइकवर अनोळखी माणसं पोरांशी बोलत असतात, हे आई-बापांच्या ध्यानीमनी नसतं.

पोरांच्या नकळत त्यांचे मेसेज वाचणारी अ‍ॅप टाकून द्या म्हणणारेही दुकानात येतात. मी टाकत नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० आमच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, छात्रालयही सांभाळायचे. पोरांसाठी स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढायचे. पोरांत राहून त्यांच्याकडे लक्ष देणं मला त्यांच्याकडून घ्यावंसं वाटतं. तुम्ही काय बघणार आहात ते मुलीला आधीच सांगा. आणि काहीही झालं तरी फोन काढून घेणार नाही, हेही तोंडाने सांगा. माझ्या भाचीला हे एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर ती तेवढे दिवस उपाशी राहिली नसती.

तसं काही घडलंच तर आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक. उलटं केलं तर पुरावा हातचा जातो. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते.

मुलीने मैत्रिणीकडून आधीच खातं काढून घेतलं असेल तर तारीख दुरुस्त करा. तिथे खरं वय टाकलं की ते बंद होईल. होऊ द्या, फोटो आधी उतरवून ठेवा. मी आता दुकानात खोटी तारीख टाकत नाही. काही जण उठून शेजारच्या दुकानात जातात. भाची आता १४ ची आहे, तिचं खातं मी खऱ्या तारखेने परत काढून दिलं, बहिणीच्या खात्याला जोडून. यंदाची कानबाईची रील ३१ जणांनाच दिसली, आणि ते ३१ जण कोण आहेत हे बहिणीला नावानिशी माहीत आहे.