कार्बोरेटरची मारुती ८०० एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनाची) केली, आता लोखंडी पाइपवर बसवलेला रबरी पेट्रोल पाइप दोन क्लिपा लावूनही पाझरतो. तिसरी लावू का?

नका लावू. तिसरी लावलीत तर महिन्याभरात चौथीची पाळी येईल. तुम्ही लिहिलंय की नवीन इंजिनला आडवा येत होता म्हणून टाकीकडून येणारा लोखंडी पाइप चार इंच कापला. गोम तिथे आहे, क्लिपांत नाही.

कंपनीच्या पाइपला टोकापासून जरासा आत एक गोल फुगवटा असतो, गळ्यात कडं घातल्यासारखा. रबर त्यावरून ताणून पलीकडे न्यायचं आणि क्लिप फुगवट्याच्या मागे आवळायची. रबर निसटायला लागलंच तर क्लिप फुगवट्याला येऊन अडते. धरून ठेवायचं काम फुगवट्याचं, गळती थांबवायचं काम क्लिपचं. आपण पाइप कापतो तेव्हा नेमका हाच तुकडा भंगारात जातो आणि मागे उरतं पेन्सिलीसारखं गुळगुळीत टोक. त्यावर दोन क्लिपा काय नि पाच काय.

कार्बोरेटर होता तोवर हे खपून गेलं असतं. त्याचा मेकॅनिकल पंप जेमतेम ०.३ बार दाब देतो. एमपीएफआयच्या रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, साधारण ३ बार असतो. ८ मिमी पाइपच्या तोंडाचं क्षेत्रफळ होतं अर्धा चौरस सेंटिमीटर. म्हणजे इंजिन चालू असेपर्यंत रबराला बाहेर ढकलणारा जोर दीड किलोचा. अर्धा लिटर दुधाच्या तीन पिशव्या त्या जोडाला टांगल्यासारखं समजा. पूर्वी तिथे फार तर चहाच्या कपाएवढं वजन होतं. वर इंजिनाचे हिसके आणि बॉनेटखालची उष्णता. आणि जादा पेट्रोल टाकीत परत नेणारा पाइप कुठे चेपला गेला तर दाब आणखी चढतो, ते वेगळंच.

हे पुस्तकातलं सांगत नाहीये. माझ्या जुन्या झेनचं असंच काम एका गॅरेजमधून करून घेतलं होतं. जुन्या कात्रज घाटात दुसऱ्या गिअरवर चढताना पेट्रोलचा वास आला. बायको म्हणाली, पुढच्या ट्रकचा असेल. ट्रक डिझेलवर चालतो हे माझ्या डोक्यात यायला आणखी दोन वळणं गेली. बोगद्याच्या अलीकडे गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं, तर रबरी पाइप क्लिपसकट बोटाच्या पेराएवढा मागे सरकला होता आणि उघड्या पडलेल्या लोखंडावर चकचकीत पट्टा दिसत होता. खाली वीतभर अंतरावर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर नेणारा तापलेला पाइप. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, तेव्हा तिथे काय होऊ शकलं असतं ते सांगायला नको. गाडी टोचन करून घरी आणली.

घरी क्लिप काढून बघितली. नेहमीची पेचाची क्लिप, पट्ट्याला खाचा असलेली. खाचांतून रबर वर आलं होतं, सोऱ्यातून शेव यावी तसं, आणि खाचेच्या कडांनी ते चिरलंही होतं. ही क्लिप रेडिएटरच्या जाड पाइपला ठीक आहे. पेट्रोलच्या बारीक पाइपवर ती गोल आवळतच नाही. पेचाखालच्या जागेत दाब कमी पडतो आणि पाझर तिथूनच फुटतो. तुमचाही तिथूनच ओला होत असेल, बघा.

आता काय करायचं ते. हात घालण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करा. ते गुदमरून बंद पडेल, लाइनमधला दाब उतरेल. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. चष्मा लावा, कारण उरलंसुरलं पेट्रोल नेमकं डोळ्याच्या दिशेने येतं. सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये हे काम करू नका, वाफ जड असते आणि जमिनीलगत साचते.

लोखंडी पाइपचा तुकडा गाडीतून सोडवून बाहेर काढा आणि ब्रेकचे पाइप बनवणाऱ्याकडे न्या. त्याच्याकडे डबल फ्लेअरिंगचं (पाइपचं टोक दोन दाबांत घडवायचं) किट असतं. त्यात पहिल्या दाबाला पाइपचं टोक बुडबुड्यासारखं फुगतं आणि दुसऱ्या दाबाला ते आत दुमडतं. आपल्याला फक्त बुडबुडा हवाय. त्याला स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीने तो दुसराही दाब देऊन मोकळा होईल. फ्रिज-एसीवाल्यांचं फ्लेअरिंगचं हत्यार इथे कामाचं नाही. त्याने टोक कर्ण्यासारखं उघडतं आणि ती धार रबर आतून कापते. तुम्ही पाइप हॅक्सॉने कापला असणार (सगळेच कापतात), तर टोक ट्यूब कटरने पुन्हा सरळ करून घ्या, आतली बर (कापताना उठलेली धार) काढा आणि हवा मारा. लोखंडाचा कीस इंजेक्टरला आवडत नाही. गॅसने पितळ लावून कडं उठवणारेही भेटतील. पाइप काढून, धुऊन, वाळवून करत असेल तर हरकत नाही. पाइप टाकीला जोडलेला असताना कुणी गॅस पेटवायला लागला तर किल्ली घेऊन निघा.

नवा तुकडा टाकायची वेळ आली तर तांबं नको, ते हादऱ्यांनी कडक होऊन तडकतं. लोखंडीच घ्या.

मग रबर. आता पेट्रोल पंपांवर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि इथेनॉलने जुन्या साध्या रबराची वाट लागते: कुठे फुगतं, कुठे कडक होऊन बारीक चिरा पडतात. पाइपवर एसएई जे३० आर९ (SAE J30 R9) असा शिक्का असलेला घ्या. तो इंजेक्शनच्या दाबासाठीच असतो आणि आतलं अस्तर इथेनॉलला दाद देत नाही. आर६, आर७ कार्बोरेटरच्या दाबाचे. नारिंगी गॅसचा पाइप किंवा रेडिएटरचा तुकडा 'चालतंय की' म्हणून लावलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. माप पण बघा. ८ मिमी आणि ५/१६ इंच जवळपास एकच, पण ३/८ इंचाचा पाइप ८ मिमीवर चढवून क्लिपने आवळला तर रबराला चुणी पडते आणि पेट्रोल त्या चुणीतून वाट काढतं.

क्लिप एकच, पण बरोबर. पुण्यात नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांत, इंजेक्शनच्या पाइपची क्लिप मागा. पट्ट्याला खाचा नसतात, कडा बाहेर वळवलेल्या असतात आणि ती छोट्या बोल्ट-नटाने आवळते. तिला मापाची सूट फार थोडी असते, म्हणून जाताना रबरी पाइपचा तुकडा खिशात ठेवा. ८ मिमीच्या पाइपचा बाहेरचा व्यास साधारण १४-१५ मिमी भरतो. रबरावर आतून तेलाचं बोट फिरवा आणि फुगवटा ओलांडून एकूण इंचभर आत सारा. क्लिप फुगवटा आणि रबराचं टोक यांच्या मधे येऊ द्या, फुगवट्यावर नको. रबर कडेला किंचित उचललं की थांबायचं. टेफ्लॉन टेप, सिलिकॉन, एम-सील यांपैकी काहीही लावायचं नाही.

इंजिन माउंटिंगवर डुलतं, बॉडी डुलत नाही, म्हणून रबराला थोडी सैल कमान ठेवा आणि जोडाच्या अलीकडे लोखंडी पाइप रबर लावलेल्या पी क्लिपने बॉडीला धरा. केबल टायने नाही.

फ्यूज आणि निगेटिव्ह परत लावून चावी चार-पाच वेळा फक्त ऑन करा. दर वेळी पंप दोन-तीन सेकंद दाब भरेल. जोडाला टिश्यू पेपर गुंडाळून बघा, बोटाला कळत नाही ते कागदाला कळतं. मग आयडलवर, मग गाडी तापल्यावर, मग शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा. दर आठवड्याला क्लिप आवळावी लागत असेल तर माप किंवा रबर चुकलंय. शेजारी एक किलोचा पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर ठेवा. इंजिन बदललंत त्याची आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद झाली नसेल तर तेही करून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली ते लागतं, आणि आगीचा क्लेम करायला गेलात की विमावाला पहिलं तेच विचारेल.

आणि कापलेलं ते चार इंची टोक अजून भंगारात दिलं नसेल तर जपून ठेवा. फुगवटा केवढा आणि टोकापासून किती आत हवा, हे फ्लेअरिंगवाल्याला तोंडाने सांगण्यापेक्षा तोच नमुना हातात द्या.