ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी ही सगळी एकाच जातीची धान्ये आहेत का?

थोडक्यात सांगायचं तर कुळ एकच, गवताचं (पोएसी). पण ‘भरडधान्य’ हे नाव वापरावरून पडलंय, नात्यावरून नाही. त्यामुळे आत पाहिलं की गंमत दिसते.

ज्वारीचं जवळचं नातं बाजरीपेक्षा ऊस आणि मक्याशी आहे. गोड ज्वारीचं ताट चावून पाहिलं असेल तर हे सांगायला वनस्पतिशास्त्रज्ञ लागत नाही! बाजरीची भावंडं वेगळी: राळा, अंजन गवत आणि नेपिअर गवत. जनावरांसाठी लावतात ते संकरित नेपिअर म्हणजे बाजरी आणि नेपिअर यांचाच संकर. जुन्या पुस्तकांत बाजरीचा वंश ‘पेनिसेटम’ असतो. 2010 मध्ये तो ‘सेंक्रस’मध्ये विलीन करण्यात आला, म्हणून दोन नावं दिसली तर गोंधळू नका.

वरी आणि कोद्राही ज्वारी-बाजरीच्याच मोठ्या उपकुळातले (पॅनिकॉइडी).

नाचणी मात्र या घरातली नाहीच. तिचं उपकुळ क्लोरिडॉइडी. आपली हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वा, याच उपकुळातली, आणि इथिओपियाचं टेफ हे धान्यही. कणसाची बोटं आणि हरळीचा तुरा शेजारी ठेवून बघा, साम्य लगेच कळेल. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली, कोकणात इतकी रुजली की परकी वाटत नाही.

राजगिरा उपासाला चालतो, पण तो गवतच नव्हे. माठाचा भाऊ आहे.