जेवणानंतर काय द्यावं?

प्रश्न : मुलीच्या सासरची मंडळी मे महिन्यात येणार आहेत. जेवण झालं की ‘डायजेस्टिफ’, म्हणजे पचनासाठी म्हणून थोडंसं मद्य, घ्यायची त्यांची पद्धत आहे. त्यासाठी काय आणावं? फेणी चालेल का? आणि त्याने अन्न खरंच पचतं का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : पचत नाही. मद्याने जठर रिकामं व्हायला उलट वेळच लागतो. कोंबडी-वड्यांनंतर जड वाटत असेल त्याला चिमूटभर ओवा आणि कोमट पाणी द्या. डायजेस्टिफ हे फ्रेंच नाव जुन्या समजुतीतून पडलं, ते राहिलं. प्यायचं ते चवीसाठी.

काजूची फेणी उत्तम. हुर्राक मात्र नको. हुर्राक पहिल्या गाळपाचा, सौम्य. लिंबू, मीठ, उभी चिरलेली मिरची घालून जेवणाआधीच शोभतो. तोच पुन्हा गाळला की फेणी होते, साधारण ४२ टक्के अल्कोहोलची. ती ३० मिली, लहान पेल्यात, नुसती द्या. सोडा ओतलात की पेला मोठा होतो आणि भरल्या पोटी नकोसा वाटतो. पण गोव्याहून येताना बाटली गाडीत टाकून आणू नका. विनापरवाना आणलेलं गोव्याचं मद्य महाराष्ट्रात जप्त होतं, गुन्हाही दाखल होतो. इथल्या परवानाधारक दुकानात मिळाली तरच घ्या. पिणाऱ्यांकडेही परवाना हवा.

फेणीचा वास सगळ्यांना झेपत नाही. त्यांच्यासाठी ब्रँडी किंवा कोन्याक (फ्रान्समधली ब्रँडी), तेवढंच माप. ‘खोलीच्या तापमानाला’ द्या असं पुस्तकं सांगतात, ते युरोपातल्या १८-२० अंशांच्या खोलीबद्दल. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ३२ अंशांची. तेवढ्या उष्णतेत आधी नुसता अल्कोहोलचा भपका नाकात जातो. बाटली पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. बर्फ नको. मोठा फुगीर पेला तळहातात धरून गरम करण्याची ऐटही इथे नको.

गोड आवडणाऱ्यांना पोर्ट ही गोड, कडक वाइन, ६० मिली. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली, १९-२० टक्क्यांची. गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून मिळणारी स्वस्त गोड वाइन वेगळी. सोलकढीनंतर लगेच ओतू नका. कोकमाच्या आंबटावर ती मिट्ट गोड लागते आणि लसणीपुढे तिचा वास हरतो. अर्धा तास जाऊ द्या. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्येच ठेवा. रूबी ही लाल पोर्ट असेल तर आठवड्याभरात संपवा, टॉनी ही तपकिरी पोर्ट त्याहून जास्त टिकते.