क्रशरचं ‘फीड’: टाकणे, सोडणे, भरवणे

प्रश्न असा आला आहे: महापे भागातल्या एका खडी क्रशरवर मराठी सूचनाफलक लावायचा आहे. मूळ इंग्रजी सूचनांत जागोजागी ‘फीड’ आहे. मसुद्यात त्याचं कुठे ‘यंत्रास खाद्य द्या’, कुठे ‘माल भरवा’ झालं आहे, आणि ‘चोक फीड ठेवा’चं ‘यंत्र तुंबेपर्यंत भरा’. यातलं बरोबर काय?

‘खाद्य’ लगेच काढून टाका. त्याने कोंबड्या आणि गुरं डोळ्यांसमोर येतात. ‘संभरण’ हा संस्कृत वळणाचा शब्द तांत्रिक लेखनात चालेल, पण हॉपरपाशी, म्हणजे माल ओतायच्या मोठ्या पेटीपाशी, उभ्या असलेल्या माणसाला त्यातून काही कळणार नाही. खरी अडचण मात्र वेगळी आहे. क्रशरवर ‘फीड’ या एका शब्दात तीन गोष्टी येतात. डंपर हॉपरमध्ये रिकामा होतो, ही एक. हॉपरखालचा फीडर थरथरत माल पुढे सरकवतो, ही दुसरी. आणि जो माल यंत्राच्या तोंडात पडतो, त्यालाही फीडच म्हणतात. मराठीत या तिन्हींना शब्द आधीपासून आहेत: हॉपरमध्ये माल टाकतात, फीडरने माल सोडतात, आणि क्रशरमध्ये जातो तो नुसता माल. फलकावर हेच ठेवा. टाकणारा आणि सोडणारा माणूस वेगळा असतो, आणि दोघांच्या चुकाही वेगळ्या.

टाकणाऱ्याची चूक बहुतेक वेळा आकाराची. जबड्याच्या क्रशरचं, म्हणजे दोन पोलादी जबड्यांत दगड दाबून फोडणाऱ्या यंत्राचं, माप तोंडावरून सांगतात. ३०×२० इंची म्हणजे तोंडाची लांबी ३० इंच आणि दोन जबड्यांमधली वरची फट २० इंच. सर्वांत मोठा दगड या फटीच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंत असावा, म्हणजे १६ इंच. त्याहून मोठा डबर आत उतरत नाही, वर आडवा बसतो आणि मागचा सगळा माल अडवतो. म्हणून फलकावर ‘मोठे दगड टाकू नका’ एवढंच लिहून भागणार नाही. ‘१६ इंचांपेक्षा मोठा दगड टाकू नका’ असा आकडा हवा, तोही तिथल्या यंत्राच्या मापाचा.

याच फलकावर माती-मुरूमाचं वाक्यही यावं. खालच्या फटीतून तसाच निसटेल इतका बारीक माल क्रशरमध्ये पाठवायचा नसतो. तो गजांच्या चाळणीवरून, ज्याला सगळे ग्रिझली म्हणतात, आधीच वेगळा व्हायला हवा. पावसाळ्यात ओला मुरूम गजांमध्ये चिकटून चाळण बंद होते आणि तो सगळा जबड्यात जातो. दगडांमधली पोकळी बारीक मालाने भरली की दाबलेल्या मालाला सरकायला जागाच उरत नाही. तो खालच्या टोकाशी ठासून बसतो, मोटरवर ताण येतो आणि शेवटी जबड्याला मागून टेकू देणारी टॉगल प्लेट तुटते. तीच सर्वांत कमजोर ठेवलेली असते, बाकीचं यंत्र वाचावं म्हणून. या ‘ठासून बसण्या’ला क्रशरवर पॅकिंग म्हणतात. फलकावर ‘माल ठासू देऊ नका’ म्हणा, सगळ्यांना कळेल.

आता ‘चोक’. मसुद्यातली सर्वांत घातक चूक इथेच आहे. कोन क्रशरला, म्हणजे आतल्या फिरत्या शंकूने दगड दाबून फोडणाऱ्या यंत्राला, ‘चोक फीड’ म्हणजे वरची पोकळी सतत, सगळ्या बाजूंनी सारखी, मालाने भरलेली ठेवणं. तसं केलं की दगड दगडावर घासून फुटतो, खडी चपटी न निघता घनाकार निघते आणि लायनर, म्हणजे आतलं बदलता येणारं पोलादी अस्तर, सगळीकडून एकसारखा झिजतो. माल थोडा-थोडा किंवा एकाच बाजूला पडत राहिला तर तिथलाच लायनर लवकर संपतो आणि मोटरचा ॲम्पिअर वर-खाली होत राहतो. म्हणजे ही अवस्था हवीहवीशी आहे. पण क्रशरवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा: ‘चोक झाला’ म्हणजे माल अडकला, काम थांबलं. दोन्हीकडे ‘चोक’ ठेवला, किंवा दोन्हीकडे ‘तुंबणे’ केलं, तर फलक एका ओळीत जे करायला सांगतो तेच दुसऱ्या ओळीत करू नका म्हणतो. पहिल्यासाठी ‘तोंड भरलेलं ठेवा’ आणि दुसऱ्यासाठी ‘माल अडकणे’ हे शब्द घ्या. पहिलं वाक्य फक्त कोन क्रशरपाशी लावा. इम्पॅक्टर किंवा हॅमर मिलला, म्हणजे दगड दाबून नव्हे तर फटक्याने फोडणाऱ्या यंत्रांना, माल एकसारखा पण बेताने सोडायचा असतो. तिथे तोंड भरलं की फटके मारणारा फिरता रोटर दबतो आणि बंद पडतो. पाडकामाचा राडारोडा दळणाऱ्या यंत्रांत बऱ्याचदा हीच जात असते. तिथे सळ्यांचे तुकडे आधीच चुंबकाने आणि हाताने निवडून काढावे लागतात, नाहीतर ते पुढे माल वाहून नेणारा पट्टा फाडतात.

‘भरवणे’ला माझा ठाम विरोध आहे, आणि तो केवळ शुद्धतेचा नाही. भरवणं म्हणजे हाताने तोंडात घास देणं. क्रशरच्या तोंडाशी हात, पहार किंवा पाय जाऊ नये यासाठी सगळी धडपड असताना फलकावर हे क्रियापद नकोच. मराठीत दळणाचा याहून नेमका शब्द आहे: वैरणे. जात्याच्या तोंडात मूठमूठ धान्य घालतात ते वैरणं, आणि आधणात तांदूळ सोडणंही वैरणंच. मुठीचं माप आणि जात्याचा वेग यांचा मेळ त्या शब्दातच आहे. पण शहरातल्या किती जणांच्या तोंडी तो उरला आहे? आणि त्यातही हात तोंडाशीच जातो. वाचताना त्याचा आनंद घ्यावा, यंत्रापाशी तो लावू नये.

सोडणाऱ्यासाठी क्रम महत्त्वाचा: सुरू करताना आधी शेवटचा पट्टा, मग चाळण, मग क्रशर, आणि क्रशरने पूर्ण वेग घेतल्यावरच फीडर. बंद करताना उलट. फीडर आधी बंद, क्रशर रिकामा होऊ द्यायचा, मग बाकीचं. म्हणून ‘फीड बंद करा’ असं मोघम लिहू नका. ‘फीडर आधी बंद करा’ लिहा.

आणि माल अडकला तर काय, हे वेगळ्या, मोठ्या अक्षरांत:

‘माल अडकला? फीडर बंद. क्रशर बंद. मेन स्विचला स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. फ्लायव्हील पूर्ण थांबलं आणि बांधलं, हे पाहिल्याशिवाय जवळ जाऊ नका. जबड्यात उतरू नका. पहार घालू नका.’

यातलं फ्लायव्हीलचं, म्हणजे क्रशरच्या जड चाकाचं, वाक्य जागा वाचवायला कापू नका. वीज गेली तरी चाकात जोर शिल्लक असतो, आणि दोन जबड्यांत दाबून बसलेला दगड सुटला की उसळून बाहेर येऊ शकतो. अडकलेला दगड काढायला हायड्रॉलिक ब्रेकर (दुरून चालवायचा दगडफोड्या हातोडा) असेल तर तोच वापरायचा, हेही लिहा.

तिथले बरेच कामगार हिंदी बोलणारे असतील, म्हणून खाली हिंदी मजकूरही द्या. ‘टाकणे’ला ‘डालना’ आणि ‘सोडणे’ला ‘छोड़ना’ सरळ जुळतात, त्यामुळे दोन्ही मजकुरांत तोच भेद राहील.