खुर्ची १४ इंच पुढे घे
(वाचकांचे प्रश्न : घरचा स्टुडिओ)

ताई, नमस्कार. मी २० वर्षांचा आहे, कन्ना चौकाजवळ राहतो. खाली आमचे ४ माग आहेत आणि माडीवरच्या १० बाय १० च्या खोलीत मी छोटा स्टुडिओ केलाय. छतही १० फुटांवरच आहे, खाली शहाबादी फरशी. दिवाळीत यामाहाचे एचएस ५ मॉनिटर (मिक्सिंगसाठीचे स्पीकर) घेतले. टेबल भिंतीला लावलंय, स्पीकर टेबलावर आहेत आणि मी खोलीच्या बरोबर मध्यावर बसतो. चारही भिंतींना घरच्याच चादरी टांगल्यात. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी एक गाणं केलं. खोलीत हलगी, ढोलकी सगळं नीट वाटतं. काकांच्या गाडीत लावलं की बेस घुमतो आणि झांजा कानाला टोचतात. दिवसभर वडिलांबरोबर मागावर असतो, मिक्स रात्रीच करतो. स्पीकरमागे ‘रूम कंट्रोल’चं बटण आहे : ०, –२, –४. कशावर ठेवू?
– एक वाचक, कन्ना चौक, सोलापूर

बटणाचं नंतर बघू. आधी खुर्ची पुढच्या भिंतीकडे १४ इंच सरकव.

तुझी खोली तिन्ही बाजूंनी १० फूट, म्हणजे अगदी ठोकळा. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज ये-जा करतो आणि एका ठरावीक सुराला तो स्वतःवरच चढत जातो. तो सूर काढायचा हिशेब सोपा आहे. आवाज सेकंदाला साधारण ११२५ फूट जातो. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भाग. ११२५ भागिले २०, म्हणजे ५६ हर्ट्झ. लांबी, रुंदी आणि उंची सारखीच असल्यामुळे तिन्हींचं उत्तर ५६च येतं. या ५६ चा जोर भिंतींपाशी सगळ्यात जास्त असतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ काहीच नसतो. तू नेमका तिथेच बसतोस. खुर्चीत बसल्यावर कान जमिनीपासून ४ फुटांवर येतात, म्हणजे उंचीतही तू मध्याच्या जवळच. त्याच्या दुपटीला, ११२ हर्ट्झला, सगळं उलट होतं आणि मध्यावर जोर येतो. गाण्याचा पाया तुला ऐकूच येत नाही म्हणून तू बेस वर ढकलतोस. काकांच्या गाडीत ती पोकळी नाही, तिथे तू ढकललेलं सगळं बाहेर येतं.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः ऐक. ५६ हर्ट्झचा साधा टोन इंटरफेसमधून (कॉम्प्युटर आणि स्पीकर जोडणाऱ्या पेटीतून) हळू आवाजात लाव आणि खोलीत फिर. मध्यावर तो मरतो, कोपऱ्यात कान लावलास तर अंगावर येतो. (माझ्या स्वतःच्या खोलीत जानेवारीत मोजलेला आकडा मे महिन्यात २ हर्ट्झ वर सरकलेला दिसला, तेव्हा माइक बिघडला म्हणून मी दोन दिवस हैराण होते. माइक चांगलाच होता. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, आणि तापल्या हवेत आवाज जास्त वेगाने धावतो.)

आता बैठक. खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर डोकं ठेवून सुरुवात करायची अशी जुनी रीत आहे. १० फुटांत ते ३ फूट १० इंच होतं. तिथून दोन्ही स्पीकर प्रत्येकी ३ फुटांवर आणि स्पीकर एकमेकांपासूनही ३ फुटांवर, असा समभुज त्रिकोण आख. दोऱ्याने मोज, नुसत्या नजरेने नको. दोन्ही स्पीकर डोक्याकडे वळव. मग स्पीकरचं तोंड पुढच्या भिंतीपासून सव्वा फुटावर येईल आणि पाठ साधारण ६ इंचांवर. एचएस ५ ला हवेचं भोक मागे आहे, त्यामुळे याहून जवळ चिकटवू नकोस. फार लांबही नको. भिंतीवर आपटून परत आलेली लाट पुढे निघालेल्या लाटेला कुठेतरी खातेच. तोंड सव्वा फुटावर असेल तर तो खड्डा २२५ हर्ट्झच्या आसपास पडतो आणि मागे जाड पॅनल (आवाज पिणारी चौकट, ती कशी करायची ते पुढे सांगते) लावून त्याला बऱ्यापैकी आवरता येतं. तेच ३ फुटांवर आणलंस तर खड्डा ९४ हर्ट्झला जातो. तिथे छोट्या खोलीत कुणाचंच फारसं चालत नाही. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, कानाच्या रेषेत हवा. तुझ्या टेबलावर स्पीकर सात-आठ इंच उचलावे लागतील. दोन विटा एकावर एक आणि वर जाड रबर, एवढ्यावर काम होतं.

रुंदीच्या बाबतीत मात्र सुटका नाही. डावं-उजवं सारखं ऐकू यायचं तर दोन बाजूंच्या भिंतींच्या मध्यावरच बसावं लागतं, म्हणून तिथला ५६ चा खड्डा थोडा राहणारच. तेवढा सूर हेडफोनवर तपासून घे. इक्वलायझरने तो भरायला जाऊ नकोस. खड्ड्यात जेवढं ओतशील तेवढं बाजूच्या भिंतींवरून येणारी लाट खाते, आणि नुसते ६ डेसिबल वाढवायचे तर ॲम्प्लिफायरला चौपट ताकद लावावी लागते.

हे सगळं झाल्यावर बटण. भिंत जवळ असली की खालचा आवाज फुगतो, म्हणूनच ते ‘रूम कंट्रोल’ दिलेलं असतं. ते ५०० हर्ट्झच्या खालचा भाग उतरवतं. तुझ्या मांडणीत –२ पासून सुरुवात कर. ओळखीची, गाडीत नीट वाजणारी दोन-तीन गाणी ऐक. तरी जड वाटलं तर –४. शेजारचं ‘हाय ट्रिम’ (वरच्या सुरांचं बटण) ० वर राहू दे.

चादरींबद्दल लिहिताना हात थबकतो, कारण माझ्या पहिल्या खोलीतही त्याच होत्या. आमच्या घरचा माल, त्याचा अभिमान होता. पण १०० हर्ट्झची लाट ११ फुटांहून लांब असते. भिंतीला चिकटलेली एक चादर तिला अडवत नाही. चादर पिते ती फक्त वरची धार. चारही भिंतींनी झांजा प्यायल्या, खोली वरून बहिरी आणि खालून घुमणारी झाली, म्हणून तू ट्रेबल वाढवलास.

जाडी लागते. सुताराकडून ४ इंच खोल लाकडी चौकटी करून घे आणि आत ४८ घनतेच्या (घनमीटरला ४८ किलो) रॉकवूलच्या, म्हणजे दगडापासून केलेल्या लोकरीच्या, २ इंची दोन पाट्या बसव. ते काम करताना तोंडाला मास्क आणि हातात मोजे हवेतच. रॉकवूल नको असेल तर आपल्याच गावचा दुसरा माल घे : टेरी टॉवेल. सेकंडचा माल किलोवर मिळतो. घड्या करून चौकटीत थरावर थर, दाबून न बसवता भर. माझ्या खोलीत अशी सहा पॅनल आजही आहेत. वरून कापड ताणताना आधी फुंकून बघ. फुंकर पलीकडे गेली तर आवाजही आत जातो. घट्ट विणीच्या जॅकार्ड चादरीतून ती सहज जात नाही, त्यासाठी पातळ सुती कापड बरं.

पॅनल कुठे लावायचं ते आरसा सांगतो. तू खुर्चीत बस, भावाला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांग. ज्या जागी तुला स्पीकर दिसेल ती जागा. दोन्ही बाजूंना एकेक, डोक्यावर छताला एक, स्पीकरमागे दोन. उरलेली समोरच्या कोपऱ्यांत तिरकी उभी कर, मागे पोकळी ठेवून. मागच्या भिंतीला जमेल तेवढं जाड. फरशीवर सतरंजी टाक.

आता तुझ्या पत्रातली जी ओळ मी तीनदा वाचली तिच्याबद्दल. दिवसभर मागावर, रात्री मिक्स.

शटलच्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर सहज असतो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची मर्यादा आहे : ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ९४ ला फक्त १ तास. अशा दिवसानंतर कान तात्पुरते मंद होतात, आणि ते आधी वरच्या पट्टीत होतात, ४००० हर्ट्झच्या आसपास. नेमकं झांजांचं, हलगीच्या काडीचं, शब्दातल्या ‘स’ आणि ‘श’चं घर तिथेच आहे. तू रात्री बसतोस तेव्हा ते तुला कमी ऐकू येतं, तू वाढवतोस, आणि काकांच्या ताज्या कानाला ते टोचतं. चादरींनी अर्धं काम केलं, मागाने उरलेलं. रात्रीची झोप मिळाली की कान बरेचसे परत येतात. म्हणून मिक्स सकाळी कर, माग सुरू व्हायच्या आधी. तेव्हा फरशीतून येणारी थरथरही नसते.

पण रोज रोज झालं की ते परत येत नाहीत. माझ्या वडिलांनी सोलापूरच्या पूर्व भागात ३० वर्षं माग चालवला. मी मिक्स केलेलं पहिलं भजन त्यांना ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, छान आहे, पण टाळ का नाही घेतलास? टाळ होता. चांगला मोठा होता. फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये मिळतात आणि फार महाग नसतात. पिळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सारायचे आणि फुगेपर्यंत बोट तसंच धरायचं. तू घाल. वडिलांनाही घालायला लाव, ते नाही म्हणतील तरी.

याच कारणासाठी मॉनिटरचा आवाजही ठरवून घे. पिंक नॉइज (सगळे सूर एकत्र असलेला चाचणीचा खरखराट) –२० डेसिबलवर लाव, एका वेळी एकच स्पीकर चालू ठेव आणि खुर्चीतून आवाज मोजणाऱ्या मीटरने मोज : मीटर ‘सी वेटिंग’ आणि ‘स्लो’ वर, आकडा साधारण ७३ ते ७५ डेसिबल. दोन्ही स्पीकरचा आकडा सारखा यायला हवा. फोनच्या ॲपचा आकडा अचूक नसतो, पण डावं-उजवं जुळवायला पुरतो. मग इंटरफेसच्या नॉबवर बहिणीच्या नेलपॉलिशचा ठिपका दे. मिक्स नेहमी त्या ठिपक्यावर करायचं. आवाज कमी केला की कानाला खालचा सूर कमी लागतो, हे फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. रोज वेगळ्या आवाजात मिक्स केलंस तर रोज वेगळा बेस भरशील.

*

ताई, आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मी घरीच करते. लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो, काढला की थांबतो. एक ओळखीचे म्हणाले, प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका.
– एक वाचक, जुळे सोलापूर

कृपा करून ती पिन काढू नका. काही बिघाड झाला तर वीज तुमच्या अंगातून जाऊ नये म्हणून ती आहे, आणि भजनाला बसलेल्या बायकांचे हात माइकच्या धातूला लागत असतात. लॅपटॉप आणि दोन्ही स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. इंटरफेसपासून स्पीकरपर्यंतच्या केबल बॅलन्स्ड आहेत का बघा. जॅकवर दोन काळ्या रेघा असतील तर बॅलन्स्ड, एकच असेल तर नाही. बहुतेक वेळा एवढ्यावर घूं थांबते. नाही थांबली, तर इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या.

*

टेबलावर जागा नाही म्हणून मॉनिटर आडवे ठेवलेत. फरक पडतो का?
– एक वाचक, मंगळवेढा

पडतो. आडवे ठेवले की ट्वीटर आणि वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) शेजारी-शेजारी येतात. डोकं थोडं डावी-उजवीकडे गेलं तरी दोघांचं कानापासूनचं अंतर वेगवेगळं बदलतं आणि गायकाच्या आवाजाचा रंग सारखा बदलत राहतो. उभे करा. जागा नसेल तर टेबलामागे दोन स्टँड करून घ्या.