पी/ई नंतर, आधी वसुली

बाळ, अनेक आशीर्वाद.

काल रात्रीचा तुझा स्क्रीनशॉट बघितला. ‘काका, पी/ई सहाच आहे. स्वस्त म्हणायचा, का यात काही गोम आहे?’ पी/ई म्हणजे भाव भागिले प्रति शेअर नफा. भाव बाजार ठरवतो, नफा कंपनी लिहिते. लिहिलेला नफा हातात पडला का, हे त्या सहाच्या आकड्याला ठाऊक नसतं. आधी वसुली बघ.

बाबांचं शिरोलीतलं मशीनशॉप आठव. माल गेला, बिल फाडलं की वहीत विक्री धरली, जीएसटीही भरला. पैसे मात्र नव्वद दिवसांनी, तेही फोनवर फोन करून. मार्चअखेर कागदावर नफा आणि पगाराला ओव्हरड्राफ्ट, हे बघत वाढलास. मग लिस्टेड कंपनी समोर आली की वसुली विचारायची लाज वाटते होय रे?

वार्षिक अहवाल बीएसईच्या साइटवर फुकट मिळतो. पुढची रंगीत पानं सोड. कॅश फ्लो पत्रकातली ऑपरेटिंग रोकड, म्हणजे धंद्यातून खरोखर हातात आलेला पैसा, घे, पाच वर्षांची बेरीज कर, शेजारी निव्वळ नफ्याची बेरीज मांड. नफा शंभर आणि रोकड तीस, तर बाकीचे ताळेबंदात शोध: बहुतेक येण्यांत (गिऱ्हाइकांकडून यायच्या पैशांत), नाहीतर न विकलेल्या मालाच्या साठ्यात. कंपनी वाढत असेल तर थोडं अडकणारच, पण दरवर्षी? येणी किती जुनी, सहा महिन्यांच्या आतली का तीन वर्षांवरची, हे 1 एप्रिल 2021 पासून हिशेबासोबतच्या टिपांमध्ये द्यावंच लागतं. (बँकांना हे गणित लावू नकोस, त्यांचा धंदाच उधारीचा.)

तुझ्या कंपनीनं गेल्या वर्षी जमीन विकली. नफा त्यानं फुगलाय. ती रक्कम वगळलीस तर पी/ई विशीपार जातो. एवढंही बघितलं नाहीस?

साखरेच्या शेअरचं तर आपल्याकडं कुणी सांगायला नको. तेजीच्या वर्षी नफा भरघोस म्हणून पी/ई कमी, आणि लोक नेमके तेव्हाच घुसतात. 31 मार्चला गोदाम भरलेलं, त्यावर बँकेचं कर्ज. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव, 14 दिवसांत द्यायची, साखर विकायची वर्षभर. तिथं एका तारखेच्या ताळेबंदावरून कर्ज जोखू नकोस. वसुली कधी होते ते बघ.

रोकडच खोटी असली तर, म्हणशील. असते की. 7 जानेवारी 2009 ला सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी लेखी कबूल केलं: 5,361 कोटींच्या रोख-बँक शिलकीतले 5,040 कोटी नव्हतेच. शिवाय 376 कोटींचं येणं व्याज, तेही नव्हतं. येणं, बरं का. आलेलं नव्हे.

या हट्टापायी माझ्या हातून दहापट झालेले शेअर सुटले. तुझी काकू अजून ऐकवते. ऐकवू दे. ते घेतलेले बरेचजण नंतर वरच्या भावालाच अडकले, हे तिला कोण सांगणार?

रविवारी ये. अहवाल छापून आण, टिपांसकट. मोबाइलवर दाखवलास तर बघणार नाही.