क्रुसेडची दाने: जमीन कुणाची, सनद कुणाची, पैसा कुणाचा?

क्रुसेडच्या, म्हणजे जेरुसलेमची पवित्र भूमी जिंकण्या-राखण्यासाठी युरोपातून निघालेल्या ख्रिस्ती धर्मयुद्धांच्या काळात पोप आणि सरदारांनी दिलेल्या जमिनी व पैशांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सहा येथे घेतले आहेत.

प्रश्न : पोपने क्रुसेडला जाणाऱ्यांना जमिनी इनाम दिल्या, असे अनेक ठिकाणी लिहिलेले असते. त्याच्याकडे एवढी जमीन होती का? (विद्यार्थिनी, पुणे)

पोपची स्वतःची जमीन प्रामुख्याने मध्य इटलीत होती आणि ती त्याने क्रुसेडसाठी वाटली नाही. तो देत होता ते हक्क, सवलती आणि संरक्षण. जमीन द्यायचे ते राजे, सरदार, लहानमोठे शूर शिलेदार आणि पुष्कळदा साधे शेतकरीसुद्धा.

15 फेब्रुवारी 1113 ची सनद पाहा. दुसऱ्या पास्कल पोपने ती जेरुसलेमच्या हॉस्पिटलचा प्रमुख जेरार याला दिली. हॉस्पिटल म्हणजे यात्रेकरूंची शुश्रूषा करणारा आणि पुढे लढाऊ झालेला धर्मसंघ; त्याचे बंधू ते हॉस्पिटलर. तिच्यामुळे हॉस्पिटलला नवी वीतभर जमीनही मिळाली नाही. लोकांनी तोवर दिलेली आणि पुढे देतील ती मालमत्ता पोपच्या संरक्षणाखाली आली, आणि जेरारनंतरचा प्रमुख हॉस्पिटलच्या बंधूंनीच निवडायचा, हे ठरले. टेम्प्लरांना, म्हणजे शस्त्र धरणाऱ्या धर्मबंधूंच्या दुसऱ्या संघाला, 29 मार्च 1139 रोजी दुसऱ्या इनोसंटने दिलेली सनद याहून मोठी आहे. आपल्या जमिनीवर दशमांश (उत्पन्नाचा चर्चला द्यायचा दहावा हिस्सा) भरण्यापासून सूट, बिशपच्या संमतीने इतरांकडून दशमांश स्वीकारण्याची मुभा, स्वतःचे पुरोहित, शत्रूकडून मिळालेली लूट ठेवून घेण्याचा हक्क, आणि वर फक्त पोप.

दशमांशाची सूट मिळाली की शंभर पोती पिकणाऱ्या शेतातली दहा पोती घरातच राहतात. म्हणजे सरदाराने दिलेल्या त्याच शेताची किंमत पोपच्या एका कागदाने वाढते. नुकसान होते स्थानिक चर्चचे आणि बिशपचे, कारण ती दहा पोती आधी त्यांच्याकडे जात. बिशप आणि या लढाऊ संघांतले वैर इथून सुरू झाले. त्यात 1144 मध्ये आणखी भर पडली. बहिष्कारामुळे चर्च बंद असलेल्या गावात टेम्प्लरांना वर्षातून एकदा ते उघडून वर्गणी गोळा करता येऊ लागली. ‘एकदा’चे ‘अनेकदा’ झाले, आणि 1179 च्या रोममधल्या लॅटरन या धर्मपरिषदेत बिशपांनी त्याविरुद्ध ठराव करून घेतला.

प्रश्न : साधा सरदार एवढ्या लांबच्या मोहिमेसाठी पैसा कसा उभा करी? गहाणाचे नियम काय होते? (निवृत्त तलाठी, सातारा)

खर्चाचा अंदाज आधी घेऊ. शिलेदाराला घोडे, सामानाची जनावरे, शस्त्रे, नोकर आणि दोन-तीन वर्षांची शिधासामग्री लागे. इतिहासकार हा खर्च त्याच्या सुमारे चार वर्षांच्या उत्पन्नाइतका धरतात. जमिनीचे उत्पन्न धान्यात आणि हे खर्च रोख चांदीत, ही खरी अडचण. रोख चांदी असायची ती मठांकडे, त्यामुळे बहुतेक व्यवहार मठांशी झाले.

सर्वांत स्पष्ट नमुना 12 एप्रिल 1096 चा आहे. मोंमेर्लच्या आशारने बर्गंडीतल्या क्लूनी मठाकडे आपली वडिलोपार्जित मालमत्ता गहाण ठेवली आणि बदल्यात लियाँच्या चलनात 2000 शिलिंग व 4 खेचरे घेतली. अटी वाचण्यासारख्या आहेत. हे गहाण फक्त तो स्वतः सोडवू शकेल. भाऊबंद, नातेवाईक कुणालाही तो अधिकार नाही. तो वाटेत मेला किंवा तिकडेच राहायचे त्याने ठरवले, तर मालमत्ता कायमची क्लूनीची. आशार 1099 च्या जूनमध्ये याफ्याजवळच्या चकमकीत मारला गेला. गहाणाचे दान झाले ते असे. पण करार झाला त्या दिवशी ते दान नव्हते.

तुम्ही तलाठी होता, म्हणून हे लगेच लक्षात येईल: ही ताबेगहाणाची पद्धत आहे, नजरगहाणाची नव्हे. जमिनीचा ताबा सावकाराकडे जाई आणि पीक तोच घेई. प्रश्न एवढाच की ते पीक कर्जात वळते करायचे की नाही. वळते केले तर दरवर्षी मुद्दल कमी होत जाते. केले नाही, तर पीक म्हणजे व्याजच, आणि मुद्दल वीस वर्षांनीही तेवढेच. चर्चला व्याज निषिद्ध असूनही मठ दुसऱ्या प्रकारचे गहाण सर्रास घेत होते. तिसऱ्या अलेक्झांडर पोपने 1163 च्या तूरच्या परिषदेत धर्मगुरूंना तसे करण्यास मनाई केली.

तिसऱ्या युजीनचे 1 डिसेंबर 1145 चे फर्मानही याच संदर्भात वाचावे. त्यात क्रुसेडला जाणाऱ्याच्या बायकामुलांना व मालमत्तेला चर्चचे संरक्षण दिले, जुन्या कर्जांवरचे व्याज माफ केले, आणि जमीन गहाण टाकण्याची रीत सांगितली. प्रथम नातेवाइकांना आणि ज्याच्याकडून जमीन मिळाली त्या वरिष्ठ सरदाराला विचारायचे. त्यांना पैसा देता येत नसेल किंवा द्यायचा नसेल, तर चर्चकडे किंवा अन्य कुणाकडे जमीन मोकळेपणाने गहाण टाकायची. मग कुणी हरकत घ्यायची नाही.

या साऱ्यात बिघडायचे कुठे? पहिली गोष्ट भावाची. 1096 मध्ये, पहिल्या क्रुसेडच्या वेळी, एकाच हंगामात शेकडो लोक विकायला बसले, वर आधीच्या वर्षी दुष्काळ. एका समकालीन मठाधिपतीने लिहून ठेवले आहे की सात मेंढ्या पाच पेनीला गेल्या. दुसरी, सावकारालाही रोकड जमवावी लागे. नॉर्मंडीच्या रॉबर्टने आपली सगळी डची (ड्यूकचा मुलूख) भाऊ, इंग्लंडचा राजा विल्यम रूफस, याच्याकडे 10,000 मार्कांना गहाण टाकली. इंग्रजी हिशेबात मार्क म्हणजे 160 पेनी, तेव्हा ही सुमारे सव्वादोन टन चांदी होते. ती उभी करायला विल्यमने इंग्लंडमध्ये दर हाइड (जमिनीचे इंग्रजी माप) जमिनीमागे 4 शिलिंग कर बसवला, म्हणजे नेहमीच्या दुप्पट. रॉबर्टच्या मोहिमेचा पैसा अखेर इंग्लंडच्या शेतकऱ्याने भरला. 2 ऑगस्ट 1100 रोजी शिकारीत विल्यम मेला, रॉबर्ट परतला आणि कर्ज न फेडताच डची त्याच्या हाती आली. पहिल्या क्रुसेडचाच एक नेता, बूयाँचा गॉडफ्री, इतका सुदैवी नव्हता. त्याने बूयाँचा किल्ला लिएजच्या बिशपला दिला, बिशपने चर्चच्या दागिन्यांचे सोने-चांदी काढून रक्कम चुकती केली, गॉडफ्री 1100 मध्ये जेरुसलेमला वारला आणि किल्ला पुढची कित्येक शतके बिशपांकडे राहिला.

प्रश्न : जुन्या दानपत्रात ‘आत्म्याच्या कल्याणासाठी दिले’ असे लिहिलेले असते. मग खरे दान आणि लपवलेली विक्री यांतला फरक कसा ओळखायचा? (इतिहास शिक्षक, नागपूर)

पुण्याच्या मजकुरावर थांबू नका, शेवटपर्यंत वाचा. ‘बंधूंनी प्रेमापोटी त्याला इतके शिलिंग आणि एक घोडा दिला’ असे वाक्य तळाशी आले, तर ती बहुधा विक्री आहे. परत येण्याची अट असेल तर गहाण. दात्याने तहहयात उत्पन्न स्वतःकडे ठेवले असेल, तर जमीन त्याच्या मृत्यूनंतरच मठाला मिळायची. काहीही परत न घेता, सेवा-चाकरीची अट न घालता, केवळ प्रार्थनेच्या मोबदल्यात दिलेली जमीन हेच निर्मळ दान.

मग संमतीदारांची यादी पाहा. बायको, मुलगे, मुली, भाऊ, वरिष्ठ सरदार अशी सगळ्यांची नावे असतील तर कागद मजबूत. एखादा वयात आलेला भाऊ किंवा मुलगा यादीत नसेल, तर पुढच्या दहा-पंधरा वर्षांच्या कागदांत त्याचा दावा शोधा. पुष्कळदा तो सापडतो. अशा दाव्यांचा शेवट बहुतेक वेळा तडजोडीत होई: मठ थोडी रोकड देई आणि दावेदार हक्क सोडल्याचे नवे पत्र करून देई. म्हणूनच शहाणे मठ सुरुवातीलाच प्रत्येक नातेवाइकाला काहीतरी देऊन ठेवत, कुणाला गाय, कुणाला काही पेनी.

एक सावधगिरी. आपल्याला मिळतात ते बहुधा मूळ कागद नसतात, तर मठांनी नंतर एकत्र बांधलेल्या वहीतल्या नकला असतात. नक्कल करणारा साक्षीदारांची यादी छाटतो, सीमांचे वर्णन आपल्या काळच्या भाषेत आणतो. मूळ कागद मिळत असेल तर तोच पाहावा.

प्रश्न : एका राजाने आख्खे राज्यच दान केले, हे खरे आहे का?

खरे आहे. आजच्या स्पेनमधल्या आरागॉनचा राजा पहिला अल्फान्सो निपुत्रिक होता. 1131 मध्ये बायोनच्या वेढ्यात असताना त्याने मृत्युपत्र केले आणि राज्याचे तीन वारस नेमले: टेम्प्लर, हॉस्पिटलर आणि जेरुसलेमचे पवित्र थडग्याचे चर्च. 1134 मध्ये मृत्यूच्या आधी ते पुन्हा कायम केले. सरदारांनी ते धुडकावले. आरागॉनने त्याचा भाऊ रामिरो याला मठातून काढून गादीवर बसवले, नवारेने वेगळाच राजा निवडला.

दान वाया गेले असे मात्र नाही. बार्सिलोनाचा काउंट रामोन बेरेंगेर याने तिन्ही वारसांशी बोलणी करून हक्क सोडवून घेतले. टेम्प्लरांशी तडजोड 1143 मध्ये झाली. त्यांना मोन्झोनसह सहा किल्ले, राजाच्या महसुलाचा दशांश आणि पुढे मुसलमानांकडून जिंकल्या जाणाऱ्या प्रदेशाचा पाचवा हिस्सा मिळाला. न पेलणाऱ्या राज्यापेक्षा हे पदरात पडणे टेम्प्लरांच्या जास्त फायद्याचे होते, असे आमचे मत आहे. एक लक्षात ठेवावे: पाचवा हिस्सा म्हणजे अजून न जिंकलेल्या जमिनीचे दान. पूर्वेकडेही हाच प्रकार चाले. सरहद्दीवरचा किल्ला राखणे परवडेना, की सरदार तो संघाला देऊन टाकी. त्रिपोलीच्या (आजच्या लेबनॉनमधल्या) दुसऱ्या रेमंडने 1142 मध्ये हॉस्पिटलरांना दिलेला क्राक दे शेव्हालिए हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध.

प्रश्न : गोळा केलेला पैसा खरोखर पॅलेस्टाइनला पोहोचत होता का? (चार्टर्ड अकाउंटंट, ठाणे)

वाटेत दोन ठिकाणी गळती होती, वसुलीत आणि वापरात.

वसुलीची यंत्रणा कागदावर चोख होती. 1188 चा सालादिन दशमांश घ्या, म्हणजे जेरुसलेम जिंकून घेणाऱ्या सुलतान सालादिनविरुद्धच्या मोहिमेसाठी बसवलेला कर. उत्पन्न आणि जंगम मालमत्ता दोन्हींचा दहावा हिस्सा. शिलेदाराची शस्त्रे, घोडे, कपडे आणि धर्मगुरूची पुस्तके वगळून. वसुली गावच्या चर्चमध्ये, आणि समोर धर्मगुरू, एक टेम्प्लर, एक हॉस्पिटलर, राजाचा शिपाई व कारकून, सरदाराचा माणूस, बिशपचा कारकून. कुणी कमी भरले असा संशय आला तर गावातले चार किंवा सहा विश्वासू लोक शपथेवर आकडा सांगत. क्रूस घेतलेल्याला, म्हणजे क्रुसेडला जाण्याची शपथ घेतलेल्याला, मात्र कर माफ. साहजिकच पुष्कळांनी क्रूस घेतला. इतक्या साक्षींतूनही इंग्लंडमध्ये एका टेम्प्लर वसूलदारानेच रक्कम लांबवल्याचे उघड झाले. फ्रान्समध्ये ओरड इतकी झाली की पुढच्याच वर्षी राजाने कर सोडून दिला.

1199 च्या अखेरीस तिसऱ्या इनोसंटने धर्मगुरूंवर उत्पन्नाचा चाळिसावा हिस्सा बसवला, स्वतःवर व कार्डिनलांवर दहावा. शिवाय प्रत्येक चर्चमध्ये लोकांच्या दानासाठी पोकळ ओंडका ठेवायला सांगितला. त्याला तीन कुलपे, किल्ल्या बिशप, त्या चर्चचा धर्मगुरू आणि एक सज्जन गृहस्थ यांच्याकडे. एकट्याने उघडता येऊ नये, ही योजना उत्तम होती. तरी कर वेळेवर आला नाही, कारण मूल्यांकन धर्मगुरूंनी स्वतःच करायचे होते. 1215 मध्ये दर विसावा झाला, तीन वर्षांसाठी. पोपने स्वतः 30,000 पौंड देऊ केले. 1274 मध्ये दहाव्या ग्रेगरीने सहा वर्षांचा दशमांश लावून ख्रिस्ती जग 26 वसुली विभागांत वाटले, आणि हप्ते नाताळ व 24 जून असे वर्षातून दोनदा ठरवले. यंत्रणा सुधारली, पण तोवर राजांना तिची चव कळली होती. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने क्रुसेडच्या नावाने वसूल झालेला दशमांश घेतला. पुन्हा क्रुसेडला मात्र गेला नाही.

वापराचे उदाहरण इंग्लंडचा राजा दुसऱ्या हेन्रीचे. आर्चबिशप बेकेटच्या हत्येचे प्रायश्चित्त म्हणून 1172 मध्ये त्याने जेरुसलेमच्या रक्षणासाठी 200 शिलेदारांचा वर्षाचा खर्च कबूल केला. पुढे तो पैसे पाठवत राहिला आणि ते जेरुसलेममध्ये टेम्प्लर-हॉस्पिटलरांकडे ठेव म्हणून पडून राहिले. राजाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, अशी अट. अखेर 1187 मध्ये टेम्प्लरांच्या प्रमुखाने ती ठेव फोडून भाडोत्री सैन्य उभे केले, आणि ते 4 जुलैला हत्तीनच्या रणात संपले. पैसा पोहोचला होता. अटीमुळे वेळेवर वापरता आला नाही.

त्यामानाने संघांची नेहमीची व्यवस्था टिकाऊ होती. युरोपातल्या ठाण्यांनी उत्पन्नाचा ठरावीक भाग, प्रमाण म्हणून साधारण एक तृतीयांश, पूर्वेकडे पाठवायचा. एसेक्समधले क्रेसिंग गाव 1137 मध्ये राणी मटिल्डाने टेम्प्लरांना दिले. तिथली तेराव्या शतकातली दोन लाकडी कोठारे आजही उभी आहेत, एक जवाचे, एक गव्हाचे. क्रुसेड समजून घ्यायला किल्ल्यांइतकीच ही कोठारे पाहावीत.

प्रश्न : पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवरचा लाल क्रूस टेम्प्लरांचा होता का? गोव्याशी याचा संबंध काय? (मडगाव)

टेम्प्लरांच्या वारसाचा होता. पोपने 1312 मध्ये टेम्प्लर संघ बरखास्त केला आणि मालमत्ता हॉस्पिटलरांना दिली. आयबेरियन (स्पेन-पोर्तुगालकडची) राज्ये मात्र वगळली. पोर्तुगालच्या राजाने ती परक्या हाती जाऊ दिली नाही. 1319 मध्ये पोपच्या संमतीने ‘ख्रिस्ताचा संघ’ स्थापन झाला आणि टेम्प्लरांची पोर्तुगालमधली जमीन त्याला मिळाली. राजपुत्र हेन्री 1420 पासून या संघाचा कारभारी. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मोहिमांना या उत्पन्नाचा आधार झाला. 1456 मध्ये तिसऱ्या कॅलिक्स्टसने त्या किनाऱ्यापासून थेट हिंदुस्थानापर्यंतचा धार्मिक अधिकार याच संघाला दिला. त्याच पोपने तुर्कांविरुद्ध पुकारलेल्या क्रुसेडसाठी पोर्तुगालने 1457 मध्ये ‘क्रुझादो’ हे सोन्याचे नाणे पाडले.

गोव्यातल्या जमिनी मात्र यात मिसळू नयेत. 1541 मध्ये तिसवाडीतल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या संस्थांकडे वळवले गेले. ते पोर्तुगीज सत्तेने घडवून आणले. त्यामागे ना गहाण होते, ना कुणा दात्याची इच्छा. त्या कागदांवर गावकारांची संमती दिसली, तरी ती सत्तेच्या दडपणाखाली दिलेली आहे, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावेत.